इडलीच्या दगडावर चॉकलेट
पोल्लाचीच्या एका छोट्या कारखान्याचा हिशोब

चॉकलेटचा धंदा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या कंपन्या येतात. कोट्यवधींची यंत्रे, टी.व्ही.वरच्या जाहिराती आणि गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचणारी गाडी. या धंद्यात आठ-दहा माणसांचा कारखाना टिकू शकतो, ही गोष्ट आपल्याकडे सहसा कुणाला पटत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत दक्षिण भारतात असे छोटे कारखाने उभे राहिले आहेत. ते शेतकऱ्याकडून कोकोचे ओले दाणे घेतात आणि तयार बार करूनच विकतात. त्यांतला एक कारखाना मला जवळून पाहायला मिळाला. आपल्या कारखानदार आणि कारागीर बंधूंना त्यातून काही घेण्यासारखे आहे, म्हणून हा लेख.

ईरोडच्या कापड बाजारात माझे वर्षातून दोन-तीनदा जाणे होते. तिथला अब्दुल गनी कापड मार्केटचा आठवडी बाजार सोमवारी संध्याकाळी सुरू होतो आणि मंगळवारपर्यंत चालतो. चादरी, टॉवेल, लुंगी असा माल घेऊन लोक पहाटेच्या गाड्या पकडतात. डिसेंबर २०२५ मध्ये खरेदी आटोपून मी तिरुपूरला होजिअरीचे एक जुने येणे वसूल करायला गेलो. तिथल्या आडत्याने सांगितले, "भाई, आमच्याकडे एक्सपोर्टच्या ऑफिसात काम करणारा एक मुलगा आता पोल्लाचीला चॉकलेट बनवतो. तुम्हाला हिशोबाची आवड आहे, तर बघून या." तमिळ मुलुखात मुसलमान माणसाला सगळेच 'भाई' म्हणतात, मग बोलणारा कोणत्याही जातीधर्माचा असो.

तिरुपूरहून पल्लडममार्गे बसने दोन तासांत पोल्लाची येते. नारळ, गूळ आणि जनावरांचा बाजार ही या गावाची जुनी ओळख. गावाबाहेर पडल्यावर दक्षिणेला अनैमलैचे डोंगर दिसतात आणि त्यांच्या पायथ्यापर्यंत नारळाच्या बागा पसरलेल्या आहेत. कोकोच्या झाडाला सावली मानवते. म्हणून नारळाच्या दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेत हे आंतरपीक घेतात. फळ फांदीच्या टोकाला न लागता थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लागते. फळ फोडले की पांढऱ्या, गोड-आंबट गरात लपेटलेले तीस-चाळीस दाणे निघतात.

कोको इथे कसा आला

कोको हे आपले पीक नव्हे. ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे. इंग्रजांनी १७९८ च्या सुमारास आजच्या तमिळनाडूतल्या कुर्तालम येथे त्याची लागवड करून पाहिली, पण तिचा धंदा झाला नाही. व्यापारी लागवडीची सुरुवात १९६५ साली कॅडबरी कंपनीने केरळातील वायनाडमध्ये चुंडेल येथे केलेल्या प्रात्यक्षिक बागेपासून धरतात. पुढच्या पंधरा वर्षांत केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी भराभर झाडे लावली. मग १९७९-८० च्या सुमारास भाव कोसळला, खरेदीदारांनी हात आखडता घेतला आणि अनेकांनी हाताने लावलेली झाडे तोडून टाकली.

त्या वेळी सुपारी उत्पादकांची मंगळूरची सहकारी संस्था 'कॅम्पको' पुढे आली. ही संस्था १९७३ साली स्थापन झाली होती. तिने कोकोची खरेदी सुरू केली आणि १९८६ साली पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना उभा केला. शेतकऱ्यांच्याच संस्थेचा हा कारखाना आजही चालू आहे. आता सर्वांत जास्त कोको आंध्र प्रदेशात पिकतो. त्याखालोखाल केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत लागवड आहे. तरीही देशाची गरज घरच्या पिकातून भागत नाही. बाहेरून दाणे आणि कोको पावडर मागवावी लागते.

माल बनतो तो पेटीत

कारखाना म्हणजे नारळाच्या बागेतली एक कौलारू शेड आणि तिला लागून बांधलेल्या दोन थंड खोल्या. मालक अडतीस वर्षांचा. पत्नी हिशोब आणि शेवटचे काम पाहते. हाताखाली आठ बायका आणि एक ड्रायव्हर. मला वाटले होते की आधी यंत्रे दाखवतील. त्याऐवजी मालक मला शेडच्या मागे घेऊन गेला. तिथे लाकडाच्या पेट्या एकापेक्षा एक खालच्या पायरीवर मांडलेल्या होत्या. एका पेटीवरची केळीची पाने बाजूला करून त्याने मला हात आत घालायला सांगितला. आत चांगलीच ऊब होती आणि सिरक्यासारखा वास नाकात गेला.

ही खमिराची जागा. ओले दाणे गरासकट या पेट्यांत पाच ते सात दिवस ठेवतात. आधी यीस्ट गरातल्या साखरेचे अल्कोहोल करते. मग हवा लागली की जिवाणू त्या अल्कोहोलचे सिरक्याच्या आम्लात रूपांतर करतात. ढिगाचे तापमान ४५ ते ५० अंशांपर्यंत चढते, दाण्याचा कोंब मरतो आणि दाण्याच्या आत चव तयार व्हायला लागते. हवा सगळीकडे लागावी म्हणून दर एक-दोन दिवसांनी दाणे वरच्या पेटीतून खालच्या पेटीत उलटतात. त्यानंतर आठवडाभर ऊन. ओल सात टक्क्यांपर्यंत उतरली की पोती भरतात. ३ किलो ओल्या दाण्यांतून सुमारे १ किलो सुके दाणे मिळतात.

खमीर नीट झाले की नाही हे कसे ओळखायचे? पोत्यातून मूठभर दाणे काढून उभे चिरायचे. आतून तपकिरी आणि भेगाळलेला असेल तर माल चांगला. जांभळा असेल तर कच्चा. पाटीसारखा राखाडी आणि घट्ट असेल तर खमीर झालेच नाही. आपण कापडावर काच ठेवून ताणे-बाणे मोजतो तशीच ही परीक्षा. मालकाने माझ्यासमोर पन्नास दाणे चिरले, त्यांत चार जांभळे निघाले. त्याने पोत्यावर खडूने खूण केली. "हे पोते शेवटी वापरू, दुसऱ्यात मिसळून," म्हणाला.

मालक बोलला ते मी वहीत उतरून घेतले. "भाई, कच्च्या दाण्याला कितीही भाजा, कितीही दळा, त्याचा कडवटपणा जात नाही. मोठी कंपनी त्यावर दूध आणि साखर घालते. मला ते परवडत नाही, कारण दूध-साखरेचा बार ती माझ्यापेक्षा निम्म्या भावात देते." माझ्या मते त्याच्या सगळ्या धंद्याचा पाया या तीन वाक्यांत आहे.

कोईम्बतूरचा ग्राइंडर

आत गेल्यावर पहिल्या खोलीत दाणे निवडण्याचे काम चालले होते. बायका सुपात दाणे घेऊन चपटे, फुटके, चिकटलेले वेगळे काढत होत्या. निवडलेले दाणे भट्टीत १२० ते १४० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे भाजतात. मग ते फोडून पंख्याच्या वाऱ्यावर टरफल उडवतात. आपल्या आया-बहिणी धान्य पाखडतात तोच प्रकार, फक्त विजेवर. उरते ती कणी. तिच्यात निम्म्याहून थोडी जास्त चरबी असते, तिलाच कोको बटर म्हणतात.

दुसऱ्या खोलीत घरघर चालू होती. यंत्र पाहून मला ओळखीचे वाटले. स्टीलच्या भांड्यात ग्रॅनाइटचा तळ आणि त्यावर फिरणारे दोन ग्रॅनाइटचे दगड. इडली-डोशाचे पीठ वाटायचा हा वेट ग्राइंडर. कोईम्बतूर हे या ग्राइंडरचे माहेरघर. 'कोईम्बतूर वेट ग्राइंडर' या नावाला भौगोलिक निर्देशांकही, म्हणजे जी.आय., मिळालेला आहे. वाचकांना नवल वाटेल, पण युरोप-अमेरिकेतल्या छोट्या चॉकलेटवाल्यांनीही सुरुवात याच ग्राइंडरवर केली. पीठ दोन तासांत वाटून होते, चॉकलेटला दोन-तीन दिवस दगड फिरवावा लागतो. म्हणून तमिळनाडूच्या कारखानदारांनी मोटर आणि बेअरिंग बदलून खास चॉकलेटसाठी ग्राइंडर बनवले आणि ते परदेशी पाठवले.

पूर्वी चॉकलेटचे लहानात लहान यंत्रही टनावारी मालाचे होते. तेव्हा छोट्या माणसाला या धंद्यात शिरकावच नव्हता. वीस-तीस किलोचा ग्राइंडर आला आणि दार उघडले. आपल्याकडे गिरणीतला माग सुटा होऊन घरात आला तेव्हा मालेगाव-भिवंडीत जे घडले, त्याच्याशी याचे नाते आहे.

कणी दगडाखाली गेली की तासाभरात तिची पातळ लापशी होते, पाणी न घालता. मग साखर टाकतात आणि ४८ तासांहून अधिक दगड फिरत राहतो. कण इतका बारीक व्हावा लागतो की जिभेला लागू नये. ७० टक्के लिहिलेला बार म्हणजे ७० भाग कोको आणि ३० भाग साखर. या कारखान्यात त्याखेरीज काही घालत नाहीत.

शेवटचे काम टेम्परिंगचे आणि ते मालकीणबाईंच्या हातात. वितळलेले चॉकलेट ४५ अंशांपर्यंत तापवून २७-२८ पर्यंत उतरवायचे आणि परत ३१-३२ वर आणून साच्यात ओतायचे. दोन अंश चुकले तर बार तुकतुकीत होत नाही, काही दिवसांनी त्यावर पांढुरकी झाक येते आणि गिऱ्हाइकाला तो बुरशीचा वाटतो. असा बार विकत नाहीत. परत वितळवतात, म्हणजे मजुरी दुप्पट. बाई म्हणाल्या, "विकलेल्या मालापेक्षा परत वितळवलेल्या मालाची वही मी आधी बघते."

दोनशे रुपयांच्या बारचा हिशोब

मी व्यापारी माणूस. मला भाव विचारल्याशिवाय राहवेना. मालकाने वही पुढे केली. २०२४ च्या आधी त्याचा ५० ग्रॅमचा बार छापील २०० रुपयांना जात होता. १ किलो सुक्या दाण्यांतून टरफल, भाजणीची घट आणि यंत्राला चिकटलेला माल वजा जाता, साखर धरून, वीस बार निघतात. दाणा त्याला सरासरी ३०० रुपये किलोने पडत होता. म्हणजे एका बारमागे १५ रुपयांचा दाणा.

मग बाकीचे १८५ रुपये कुठे जातात? १८ टक्के जी.एस.टी.चे सुमारे साडेतीस रुपये. दुकानदाराचे ३० टक्के, म्हणजे ६० रुपये. बर्फाच्या पिशव्यांसह वाहतूक १० रुपये. कारखान्यात येतात सुमारे ९९ रुपये. त्यांतून दाणा १५, साखर १, कागद आणि खोका १४, मजुरी-वीज-भाडे ४२. हातात राहतात २७ रुपये. उन्हाळ्यात मुंबईला पाठवलेले खोके वितळून परत येतात, त्यांची तूट या २७ मधूनच भरायची.

या हिशोबात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शेतकऱ्याला बाजारापेक्षा किलोमागे ५० रुपये जास्त दिले तरी बारवर फक्त अडीच रुपयांचा भार पडतो. पण त्या अडीच रुपयांमुळे शेतकरी पिकलेलेच फळ तोडतो, रोगट फळ बाजूला काढतो आणि फोडलेला दाणा त्याच दिवशी आणून टाकतो. चवीचा अर्धा निकाल तिथेच लागतो. खोक्यावर अडीच रुपयांची जास्त छपाई करून हा फायदा मिळत नाही.

त्याचे चौदा शेतकरी आहेत. माल ओला घेतो, खमीर स्वतःच्या देखरेखीखाली करतो आणि पैसे दर शनिवारी चुकते करतो. आपल्या कापडात नव्वद दिवसांची उधारी आणि वर वटाव, अशी रीत पडलेली आहे. त्यामुळे हा शनिवारचा हिशोब ऐकून मला बरे वाटले आणि थोडा हेवाही.

एका फोनवर आठ लाख चाळीस हजार

या छोट्या धंद्याची खरी परीक्षा २०२४ साली झाली. जगातला निम्म्याहून जास्त कोको आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथे खराब हवामान आणि झाडांच्या रोगांनी पीक पडले. २०२३ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात जो भाव टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास होता, तो मार्च २०२४ मध्ये पहिल्यांदा १०,००० डॉलरच्या वर गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये १२,००० च्याही वर. आपल्या दक्षिणेत दोनशे-अडीचशे रुपये किलोचा सुका दाणा एप्रिल-मे २०२४ मध्ये हजार रुपयांवर पोहोचला.

त्या एप्रिलमध्ये मालकाच्या गोदामात १,२०० किलो सुका दाणा पडून होता, ३०० रुपयांनी घेतलेला. एका एजंटचा फोन आला: आहे तसा उचलतो, रोख. वाचकांनी हिशोब करावा. किलोमागे ७०० रुपये, म्हणजे ८ लाख ४० हजारांचा नफा, दगड न फिरवता. तोच दाणा बार करून जुन्या भावाने विकला तर २४,००० बार आणि २७ रुपयांप्रमाणे सुमारे साडेसहा लाख. तेही आठ महिन्यांच्या मेहनतीनंतर.

त्याने दाणा विकला नाही.

व्यापारी या नात्याने मी त्याच्याशी वाद घातला. म्हणालो, बाजार चढला की माल काढायचा हा धंद्याचा पहिला धडा आहे. आमच्याकडे सूत चढले की लोक माग बंद ठेवून सूत विकतात. उत्तर मालकीणबाईंनी दिले. "दाणे विकले असते तर पैसे आले असते. पण सोमवारी या आठ बायकांना काम काय दिले असते? परत दाणा घ्यायला गेलो असतो तर हजारानेच घ्यावा लागला असता. आणि ज्या साठ दुकानांत आमचा बार आहे, तिथे वर्षभर दुसऱ्याचा बार बसला असता."

मी यावर नंतर पुष्कळ विचार केला. बारमागच्या ४२ रुपयांत आठ घरांची मजुरी आहे. दाणा विकला असता तर नफा मालकाच्या हातात आला असता आणि ती मजुरी बंद झाली असती. शिवाय सूत विकणाऱ्या मागवाल्याला सूत परत मिळते, कारण सुताला काउंट असतो आणि तो कुठल्याही गिरणीतून येतो. खमीर साधलेला, ओळखीच्या बागेतला दाणा बाजारात मिळत नाही. तो चौदा घरांशी जुळलेल्या व्यवहारातून येतो. हा फरक माझ्या आधी लक्षात आला नव्हता, आणि तो बाईंच्या बाजूचा आहे.

पण म्हणून सगळे सुखरूप पार पडले असे नाही. त्या उन्हाळ्यात एजंट थेट बागांत फिरू लागले. चांगला-वाईट न पाहता, ओला माल रोखीने उचलत होते. चौदांपैकी पाच शेतकरी त्यांच्याकडे गेले. मालकाने उरलेल्या नऊ जणांना बाजाराचा चढा भाव दिला. जुना दाणा संपल्यावर बारमागे दाण्याचा खर्च १५ वरून ५० रुपयांवर गेला आणि २७ रुपयांच्या नफ्याच्या जागी ८ रुपयांचा तोटा आला.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे भाव तोच ठेवून वजन कमी करणे. थानात दोन मीटर कमी भरावे किंवा पन्हा इंचभर घटवावा, त्यातलाच हा प्रकार. मोठ्या मालात हे सर्रास चालते आणि गिऱ्हाइकाच्या लवकर लक्षात येत नाही. दुसरी वाट म्हणजे उघडपणे भाव वाढवणे. त्याने वजन ५० ग्रॅमच ठेवले, छापील भाव २४० केला आणि खोक्यात एक चिठ्ठी टाकली की दाणा महागला आहे. साठ दुकानांपैकी अकरा दुकानांनी माल घेणे बंद केले. उरलेल्यांत बारमागे १४ रुपये सुटू लागले. बाईंचे दागिने मात्र बँकेत गेले. मी गेलो तेव्हा त्यांतले निम्मे सुटायचे बाकी होते.

पुढे २०२५ साल संपता संपता जागतिक भाव शिखराच्या निम्म्यावर उतरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरचा जी.एस.टी. १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तेव्हा त्याने छापील भाव २४० वरून २१५ वर आणला. गेलेल्या पाच शेतकऱ्यांपैकी तिघे परत आले. त्याने त्यांना घेतले, पण पहिल्या तीन खेपांचे दाणे त्यांच्यासमोर चिरून पाहिले आणि मगच जुना वाढीव भाव लावला. जास्त बोलणे झाले नाही. व्यवहारात असेच असावे.

वाचकांच्या काही प्रश्नांबद्दल

आपल्या वाचकांपैकी अनेकांचा पहिला प्रश्न हलालचा असणार. या कारखान्याच्या साध्या बारमध्ये कोको आणि साखर याखेरीज काही नाही. खमिरात यीस्टने केलेले अल्कोहोल तिथेच सिरक्याच्या आम्लात बदलते आणि पुढे ऊन व भट्टी आहेच. बाजारातल्या इतर चॉकलेटबाबत मात्र लेबल वाचावे. काही परदेशी चॉकलेटांत दारू भरलेली असते. ३२२ क्रमांकाचे लेसिथिन बहुधा सोयाबीनचे असते. ४७१ हे वनस्पतीपासूनही बनते आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. आपल्या देशातला हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, दारूबद्दल तो काही सांगत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भगिनींसाठी. ईद-दिवाळीला घरी चॉकलेट बनवून विकणाऱ्या पुष्कळ बायका आपल्या शहरांत आहेत. त्यांतल्या बहुतेक जणी बाजारातून तयार 'कंपाउंड'च्या लाद्या आणून, वितळवून साच्यात घालतात. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरे वनस्पती तेल असते. ते स्वस्त पडते, टेम्परिंग लागत नाही आणि उन्हात लवकर वितळत नाही. हा धंदा वाईट नाही. पण त्याला कंपाउंड म्हणूनच विकावे, कायद्यालाही तेच अपेक्षित आहे, आणि घरगुती उद्योगाला एफ.एस.एस.ए.आय.ची नोंदणी करून घ्यावी. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी खऱ्या चॉकलेटच्या लाद्या आणून आधी टेम्परिंग शिकावे. तेवढ्याने माल वरच्या दर्जाचा होतो. दाण्यापासून बनवणे ही त्यानंतरची पायरी.

तिसरी गोष्ट कोकणातल्या बागायतदार बंधूंसाठी. नारळ-सुपारीच्या बागेत जायफळ, मिरी, दालचिनी घेणारे अनेक जण आहेत. कोकोचा हजार रुपये भाव ऐकून कुणी घाईने रोपे लावू नयेत. झाडाला फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात आणि तोवर भाव कुठे असेल हे कुणी सांगू शकत नाही. १९८० च्या सुमारास झाडे तोडणाऱ्यांनीही चढा भाव पाहूनच ती लावली होती. आधी दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारावे. आणि ओला माल त्याच दिवशी घेणारा कोण आहे, हे रोप आणण्यापूर्वी ठरवावे.

आपल्या धंद्याला काय लागू पडते

मालेगाव आणि भिवंडीत आज हजारो माग मजुरीवर चालतात. सूत दुसऱ्याचे, बीम दुसऱ्याचे आणि विणलेले ग्रे कापडही दुसऱ्याचे. मीटरमागे ठरलेले पैसे तेवढे आपले. रंगाई अन् फिनिशिंग दुसऱ्या गावात होते आणि नफ्याचा मोठा हिस्सा तिथेच राहतो. सूत चढले की आपली मजुरी दबते आणि उतरले तरी ती वाढत नाही. कारण आपण जे विणतो ते शेजारचा मागही तसेच विणतो.

पोल्लाचीच्या या माणसाने फक्त साच्यात ओतण्याचे काम पत्करले असते तर त्याचीही हीच गत झाली असती. लाद्या दुसऱ्याच्या, भाव दुसऱ्याचा. तो एक पायरी मागे गेला आणि कच्च्या मालाची जबाबदारी घेतली. मग एक पायरी पुढे गेला आणि स्वतःच्या नावाने माल विकला. दोन्ही पायऱ्यांवर भांडवलापेक्षा नजर जास्त लागली. त्याच्या सगळ्या पेट्या आणि ग्राइंडर मिळून किंमत धरली तर आठ-दहा जुन्या मागांच्या शेडपेक्षा ती फार जास्त होणार नाही.

प्रत्येकाने स्वतःची सायझिंग किंवा प्रोसेस हाउस घालावे, असे मी म्हणत नाही. ते परवडणारे नाही. पण चार मागवाल्यांनी मिळून एकाच काउंटचे चांगले सूत गिरणीकडून सरळ घ्यावे, एकच वाण नीट विणावे, ठरलेल्या रंगाऱ्याकडून पक्क्या रंगात करून घ्यावे आणि त्यावर आपला शिक्का मारावा, एवढे शक्य आहे. पहिल्या वर्षी मीटरमागे फार सुटणार नाही. ज्या दिवशी सूत अचानक चढेल त्या दिवशी मात्र आपल्याकडे मजुरीखेरीज काही आहे की नाही, याचा निकाल लागेल. तशी तयारी भाव शांत असतानाच करावी लागते. सध्या ज्यांचे माग अर्ध्या पाळीवर चालले आहेत, त्यांनी रिकाम्या पाळीत निदान एका वाणाचा असा हिशोब कागदावर मांडून पाहावा.